गीझर रात्रभर चालू ठेवायचा का? साताऱ्याच्या थंडीत घरी मोजून बघितलेलं, पायरीपायरीने

नोव्हेंबर सरत आला की साताऱ्यात पहाटे नळाखाली हात धरवत नाही, आणि तेव्हापासून आमच्या शाहूपुरीतल्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी एकच वाद रंगतो. निम्मे लोक म्हणतात गीझर चालूच ठेवा, एकदा पाणी तापलं की गरम ठेवायला करंट कमी लागतो, थंड पाणी परत तापवायलाच जास्त लागतो. बाकीचे म्हणतात लागेल तेव्हा लावा. आमच्याकडे गीझर बसवायला आलेला वायरमनही पहिल्या पार्टीतला होता, त्याचं ऐकून मी दोन महिने बटणाला हातच लावला नाही. जे बिल एरवी २८५ युनिटच्या आसपास असतं ते ३२० वर गेलं, म्हणजे ३०० चा टप्पा ओलांडला आणि वरच्या युनिटांना महागडा दर लागला.

मग मी वही-पेन घेऊन मोजायला बसले. त्यातून जे कळलं ते ह्या वर्षी पहिल्यांदा गीझर घेणाऱ्यांसाठी, नवीन बिऱ्हाड केलेल्यांसाठी आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये जुना गीझर वाट्याला आलेल्यांसाठी लिहितेय.

आधी काय काय जवळ ठेवायचं

- मागच्या हिवाळ्याचं आणि मागच्या उन्हाळ्याचं वीजबिल, दोन्ही. फरक त्यातच दिसतो.
- गीझरचं वॉरंटी कार्ड किंवा निदान त्यावरच्या स्टिकरचा फोटो. लीटर किती, वॅट किती हे त्यावर असतं. स्टार लेबल असेल तर २४ तासांत नुसती उभ्या-उभ्या किती वीज वाया जाते तो आकडाही छापलेला असतो, दुकानात कोणी दाखवत नाही पण बघायचा तोच.
- स्वयंपाकघरातला थर्मामीटर, १०० डिग्रीपर्यंत जाणारा. तापाचा थर्मामीटर चुकूनही बुडवू नका, तो ४२ पर्यंतचाच असतो, फुटतो.
- एक २० लीटरची बादली आणि वही.
- टायमर नंतर. आधी मोजा मग खर्च करा. आणि घर भाड्याचं असेल तर मालकांना विचारल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका.

१. तुमचा गीझर कुठल्या जातीचा ते ओळखा

एक-तीन लीटरचा इन्स्टंट असेल तर हा वादच तुमचा नाही, त्यात पाणी साठतच नाही म्हणण्यासारखं, लावा-वापरा-बंद करा. गॅस गीझरलाही हा प्रश्न नाही, पण तो बंद बाथरूमच्या आत असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी तो बाहेर काढून घ्या, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास येत नाही आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. हे मी घाबरवायला म्हणून लिहीत नाहीये.

बाकी १०, १५, २५ लीटरचे स्टोरेज गीझर आणि गच्चीवरचे सोलर, ह्यांच्यासाठी पुढचं सगळं.

२. ८६० हा आकडा पाठ करा

किती लीटर पाणी, किती डिग्रीने तापवायचं, त्यांचा गुणाकार करा आणि ८६० ने भागा. उत्तर युनिटमध्ये येतं. बस. १५ लीटर पाणी २० डिग्रीवरून ६० वर न्यायचं तर १५ गुणिले ४० म्हणजे ६००, भागिले ८६०, म्हणजे ०.७ युनिट. २५ लीटरला १.१६ युनिट. २००० वॅटचा गीझर तासाला २ युनिट ओढतो, तेव्हा १५ लीटरला २१ मिनिटं आणि २५ लीटरला ३५ मिनिटं लागतात. पहाटे टाकीतलंच पाणी १५ डिग्रीवर आलेलं असेल तर २५ लीटरला ३९ मिनिटं धरा.

आता आंघोळीचा हिशोब. ६० डिग्रीचं कढत पाणी कोणी अंगावर घेत नाही, इसण लागतंच. २० डिग्रीचं इसण सारख्याला सारखं घातलं की ४० डिग्रीचं बरोब्बर आंघोळीचं पाणी होतं, म्हणजे २५ लीटरच्या गीझरमधून ५० लीटर, अडीच बादल्या. एका बादलीची वीज साधारण ०.४७ युनिट पडते. चार माणसं, चार बादल्या, १.८६ युनिट. ही वीज तुमच्या अंगावर पडली, ती वाचवायची तर कमी पाण्यात आंघोळ हाच मुख्य उपाय, थर्मोस्टॅट (पाणी किती तापल्यावर थांबायचं ते ठरवणारा भाग) कितीही फिरवा. वाया जाते ती वेगळी, तिच्याकडे आता वळू.

३. वीज वाया कुठून जाते ते नीट समजून घ्या

इथेच सगळ्यांचा घोळ होतो म्हणून जरा थांबते. गीझरमध्ये जी उष्णता गेली तिला बाहेर पडायला दोनच वाटा आहेत, एक नळातून तुमच्या बादलीत आणि दुसरी टाकीच्या अंगातून बाथरूमच्या हवेत. पहिली वाट कामाची. दुसरी वाट कधीच बंद होत नाही, आत जाड फोम असला तर बारीक होते एवढंच. आणि पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितकं जास्त गरम तितक्या वेगाने उष्णता जाते.

बुडाला बारीक भोक असलेलं पिंप डोळ्यासमोर आणा. काठोकाठ भरलेलं असलं की धार जोरात, पातळी उतरली की धार मंद. सारखं भरत राहिलात तर धार रात्रभर जोरातच राहणार. भरायचं थांबवलंत तर धार हळूहळू मंदावते, आणि सकाळी परत भरायला तेवढंच पाणी लागतं जेवढं रात्रीत गळलं. त्याहून एक तांब्या जास्त लागत नाही. गीझरचंही तेच, सकाळी परत तापवायला जी वीज लागते ती रात्री गेलेल्या उष्णतेएवढीच, आणि ती चालू ठेवून गेली असती त्यापेक्षा कमीच असते, कारण मधल्या वेळात पाणी थोडं गार झालेलं असतं. म्हणून "परत तापवायला जास्त लागतं" हे कुठल्याही हिशोबाने बसत नाही. सकाळी मीटर जोरात फिरताना दिसतो खरा, पण अर्धाच तास फिरतो, रात्रभर थोडा-थोडा फिरलेला आपण झोपेत बघत नाही.

माझ्या सासूबाईंना हे एका वाक्यात पटलं, म्हणाल्या सकाळी आमटी गरम खायची म्हणून रात्रभर मंद गॅसवर ठेवतं का कोणी. त्यांच्या माहेरी वाड्यात तांब्याचा बंब होता, पहाटे बंबफोड घालून पेटवायचा, सगळ्यांच्या आंघोळ्या एकामागून एक उरकायच्या आणि विस्तव विझू द्यायचा. दिवसभर कोणी बंब पेटता ठेवत नव्हतं.

४. स्वतःच्या मीटरवर मोजा, पण बरोबर मोजा

मी पहिल्यांदा चुकीची गोष्ट मोजली ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

पहिल्या रात्री १० वाजता गीझर पूर्ण तापवून, लाल लाइट गेल्यावर, तसाच चालू ठेवला. दुसऱ्या रात्री १० वाजता तसाच तापवून बंद केला आणि सकाळी साडेपाचला लावून परत लाइट जाईपर्यंत थांबले. दोन्ही वेळा रात्री १० चं आणि सकाळचं मीटर रीडिंग लिहिलं, फ्रिज-फॅन दोन्ही रात्री सारखेच होते. फरक? दशांशाच्या एका आकड्याएवढाही धड नाही. मला वाटलं वायरमनच बरोबर होता की काय.

नव्हता. थर्मामीटर लावल्यावर कळलं काय झालं ते. रात्री ६० डिग्रीवर बंद केलेलं पाणी सकाळी ४८ निघालं. म्हणजे साडेसात तासांत बारा डिग्री, तासाला साधारण दीड डिग्री. टाकीचा फोम चांगला असल्याने पाणी फारसं गार झालंच नाही, आणि फारसं गार झालं नाही म्हणजे उष्णता गळायचा वेगही फारसा कमी झाला नाही. त्यामुळे भरल्या गीझरला नुसतं रात्री बंद करून वाचतं, पण चिमूटभर वाचतं.

मग मी आठवडा-आठवडा मोजलं. एक आठवडा गीझर २४ तास चालू. दुसऱ्या आठवड्यात सकाळी आंघोळीआधी तापवायचा, शेवटच्या माणसाच्या आधी बंद करायचा, टाकीत उरलेलं गरम पाणी त्याने वापरून टाकायचं, म्हणजे मग दिवसभर टाकीत थंडच पाणी. आंघोळी तेवढ्याच, बादल्या मोजून. ह्यावेळी आठवड्याला साडेसात-आठ युनिटचा फरक आला, महिन्याला तीसेक युनिट. माझ्या बिलात वाढलेले युनिट जवळजवळ हेच होते!

तर खरा प्रश्न रात्रीचा नाहीच. पाणी गरम होऊन किती तास नुसतं बसून राहतं, हा प्रश्न आहे. शेवटच्या आंघोळीनंतर गीझर चालू राहिला तर तो २५ लीटर थंड पाणी परत ६० वर नेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाच्याही उपयोगाशिवाय सांभाळत बसतो. थंड पाण्यातून काही गळत नाही कारण गळायला काही नसतंच.

५. सकाळचा क्रम बसवा

आमच्या घरी चार माणसं, २५ लीटरचा गीझर. ५:२० ला लावायचा, सहाला पहिली आंघोळ, मग दुसरी, तोवर तो मधे परत तापत असतो. तिसरा माणूस आत जाताना बंद. तिसऱ्या-चौथ्याचं पाणी टाकीत तापलेलं असतं, कारण गरम पाणी वर राहतं आणि थंड खालून येतं, नळाला वरचं गरम आधी मिळतं. एखाद्या दिवशी चौथ्याला जरा कोमट आलं तर दुसऱ्या दिवशी बटण पाच मिनिटं उशिरा बंद करा, दोन-तीन दिवसांत अंदाज बसतो.

मधे तास-दीड तासाचं अंतर पडत असेल तर घाबरून चालू ठेवू नका. तासाला दीड डिग्रीच उतरतं, आठला बंद केलेल्या पाण्याने साडेनऊला आरामात आंघोळ होते. तसंच रात्री कोणी उशिरा आंघोळ करून गरम पाणी उरलं असेल तर सकाळी आधी ते बघा, ४८ डिग्रीलाही इसण लागतंच.

संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांचा एक फायदा आहे, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दिवसभर उन्हाने तापलेलं असतं. पहाटेच्या १५ पासून सुरुवात करण्यापेक्षा संध्याकाळच्या २५-२८ पासून केली तर तेवढी वीज सरळ वाचते. ज्येष्ठ माणसांना हे सोयीचंही पडतं.

खेड्यावर व्होल्टेज पडत असेल तर वेळ वाढवून धरा. २३० च्या जागी १८० आलं तर २००० वॅटचा गीझर साधारण सव्वाबाराशे वॅटच ओढतो आणि ३५ मिनिटांचं काम जवळजवळ तासावर जातं. युनिट मात्र तेवढेच पडतात. माझी बहीण सांगलीजवळ वाडीवर राहते, तिला वाटायचं गीझरच खराब झालाय.

६. थर्मोस्टॅट कितीवर ठेवायचा

५५ ते ६०. बाहेर नॉब असेल तर तुम्हीच फिरवा, झाकणाच्या आत असेल तर वायरमनला बोलवा आणि मेन स्विच बंद करूनच उघडू द्या.

नॉब शेवटपर्यंत फिरवला की पाणी लवकर तापतं हा समज काढून टाका. आतली कॉइल २००० वॅटचीच आहे, ती एकाच वेगाने तापवते, नॉब फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. ७५ वर ठेवलात तर पाणी जास्त वेळ तापत राहणार, उष्णता जास्त वेगाने गळणार, आणि तुम्ही शेवटी जास्त इसण घालणार.

मग ४५ वर का नाही, तर दोन कारणं. एक म्हणजे बादल्या पुरत नाहीत. दुसरं महत्त्वाचं, कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस साठून राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात, त्यांनी न्यूमोनिया होतो. ६० ला ते मरतात. गावाहून आठ-दहा दिवसांनी परत आलात तर पहिल्यांदा गीझर पूर्ण तापवा आणि मगच वापरा.

६० डिग्रीचं पाणी काही सेकंदांत भाजतं हेही तितकंच खरं. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर बादलीत आधी थंड पाणी आणि त्यात वरून गरम, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला लावा.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी नॉब मुद्दाम आवरता ठेवा. पाणी ६० च्या वर गेलं की क्षार भराभर धरतात. क्षारामुळे युनिट फारसे वाढत नाहीत, उष्णता शेवटी पाण्यातच जाते, पण कॉइल आतल्या आत जास्त तापून जळते आणि टाकीही खराब होते. वर्षातून एकदा कॉइल आणि टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड बघून घ्या.

७. टायमर घेताना

इथे दोन महागात पडणाऱ्या चुका आहेत. २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, ३००० वॅट म्हणजे १३. मोबाइलच्या चार्जरसाठी असतो तसला ६ अँपिअरचा टायमर प्लग लावलात तर तो वितळेल. १६ अँपिअरचाच घ्या, किंवा वायरमनकडून एमसीबीच्या शेजारी बसणारा टायमर लावून घ्या. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर टायमरच्या आधी त्यावर पैसे घाला. नवीन ठिकाणी राहायला गेलात तर हे सगळ्यात आधी बघा.

दुसरी चूक म्हणजे टायमर फक्त चालू करायला लावणे. बंद व्हायची वेळ त्याहून महत्त्वाची, बचत तिथेच आहे. आणि टायमर असला तरी आंघोळीला जाताना बटण बंद करायची जुनी सवय सोडू नका, शॉकपासून तीही वाचवते.

८. सोलर असेल तर

गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते. ती कायम चालू ठेवली की काय होतं, रात्री थंड झालेलं पाणी पहाटे वीज तापवून ठेवते, आणि सूर्य वर आला की त्याला तापवायला काही उरतच नाही. सोलर असून बिल कमी होत नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच बटण बघायला सांगते. ते बंदच ठेवा, पावसाळ्यात आणि लागोपाठ ढग असतील तेव्हा आंघोळीआधी लावा.

९. परदेशात घर गरम ठेवणाऱ्या आपल्या पोरांसाठी

माझा भाचा कॅनडात कॅलगरीला असतो, तिकडे पाणी नाही तर अख्खं घर तापवावं लागतं, आणि त्याचाही प्रश्न हाच होता. मावशी, रात्री थर्मोस्टॅट खाली केला तर सकाळी भट्टी जास्त गॅस खाते असं रूममेट म्हणतो, खरं का. नाही. पिंपाचा हिशोब घरालाही लागू आहे, आणि घर तर गीझरपेक्षा जास्त गळकं असतं, खिडक्या, दारं, छप्पर, त्यामुळे रात्रीत ते खरंच गार होतं आणि बचतही दिसण्यासारखी होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं सांगणं असं की रोज आठ तास तापमान ७ ते १० फॅरनहाइट डिग्री, म्हणजे आपल्या ४ ते साडेपाच डिग्रीने उतरवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत वाचतं. ज्यांचं घर जाड इन्सुलेशनचं आहे त्यांचं कमी वाचेल, माझ्या गीझरसारखंच.

पण तीन ठिकाणी जपून. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढून आणणारं मशीन) असेल तर सकाळी एकदम पाच डिग्री वाढवायला सांगितलं की बऱ्याच मशिनमध्ये मदतीला साधी विजेची कॉइल लागते आणि वाचलेलं सगळं तिथे जातं, तेव्हा कमी उतरवा आणि हळूहळू चढवा. जमिनीखालून तापवणारी सिस्टिम फार सुस्त असते, रात्रीची उतरवलेली दुपारी चढते. आणि कडक थंडीत इतकंही खाली नेऊ नका की भिंतीतले पाइप गोठतील. थर्मोस्टॅट ३० वर नेल्याने घर लवकर तापत नाही हेही त्याला सांगितलं, नॉबचा नियम तिकडेही तोच आहे.

१०. टायमर लावल्यावर पहिले दोन आठवडे

वीज जाऊन आली की गोल चकतीचे टायमर तेवढाच वेळ मागे पडतात, दोन तास वीज गेली तर तुमचा गीझर ५:२० ऐवजी ७:२० ला लागणार. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घड्याळ सांभाळतो. चकतीचाच असेल तर वीज गेलेल्या दिवशी रात्री झोपताना चकती जुळवून घ्या, आणि वहीत रोज एकाच वेळेला रीडिंग लिहा, सकाळी दूध घ्यायला खाली उतरता तेव्हा मीटर बघून येणं सगळ्यात सोपं पडतं.